खांब भंगारात मिळत नाही

भंगारातल्या मोटरीपासून घरगुती पवनचक्की होते का? होते. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधली स्टेपर मोटर, सहा इंची पीव्हीसी पाइपची तीन पाती, दोन ब्रिज रेक्टिफायर आणि एक बॅटरी, एवढ्या ऐवजावर दिवा लागतो. खरा वाद त्यानंतर सुरू होतो. ती करावी का, आणि केलीच तर उभी कुठे करावी? या वादातल्या दोन बाजू एकाच घरात ऐकायला मिळाल्या, त्या इथे देतो आहे.

मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या लाइनी सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भाची त्याच भागातल्या हायस्कुलात 'मूलभूत तंत्रज्ञान' शिकवते. डॉ. कलबागांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि हातानं काम करत शिकण्याची जी वाट पाडली, तिच्यातून हा विषय शाळांमध्ये आला. वर्गातल्या मुलांना घेऊन तिला पवनचक्की करायची आहे. मामांचा विरोध आहे. माझं मत मी लपवलेलं नाही, ते मध्येमध्ये येईलच.

भाची : मामा, ही मोटर हातात घ्या. चार वायरी आहेत, एकही कशाला जोडलेली नाही. शाफ्ट फिरवा.

मामा : फिरतोय. जरा टिकटिक लागतेय बोटाला.

भाची : आता ह्या दोन वायरींची टोकं एकमेकींना चिकटवते. फिरवा.

मामा : अडला की! घट्ट झाला एकदम.

भाची : म्हणजे ह्या दोघी एका कॉइलच्या. जोडी ओळखायला मीटरसुद्धा लागत नाही, बोटांना कळतं. मुलांना मी हेच आधी करायला लावते. वायर जोडली की शाफ्ट का अडतो, हे पुस्तकात लेन्झचा नियम म्हणून येतं आणि पाठ होऊन जातं. इथे ते मनगटाला जाणवतं.

मामा : आणि तेच तुझ्या बेताचं खरं दुखणं आहे. जेवढी वीज काढशील तेवढा शाफ्ट अडणार. तो ओढायला वारा पाहिजे, फुकट काही मिळत नाही. शाळेच्या पत्र्यावर तेवढा वारा आहे का, ते सांग.

भाची : आहे. जून ते सप्टेंबर तुम्ही स्वतः दार लावून बसता.

मामा : दार वाजतं म्हणून पवनचक्की चालते असं नाही.

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. घरगुती पवनचक्कीच्या बहुतेक बेतांत वाऱ्याचा अंदाज असाच, दार वाजण्यावरून, बांधलेला असतो. म्हणून दोघांनी वहीवर जे आकडे मांडले, ते इथे सविस्तर देतो.

भाची : चार फुटी चक्की धरू. व्यास 1.2 मीटर, म्हणजे पात्यांच्या फेऱ्याचं वर्तुळ 1.13 चौरस मीटर. वारा सेकंदाला 3 मीटर असेल, तर त्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात मुळात 18 वॅट असतात. 6 मीटर असेल तर 146.

मामा : वारा दुप्पट, ताकद आठपट.

भाची : वेगाचा घन लागतो म्हणून. आणि हे सगळं आपल्या हाती येत नाही. जर्मनीतल्या बेट्झनं शंभर वर्षांपूर्वीच दाखवलंय की 59.3 टक्क्यांच्या वर कुणालाच काढता येत नाही. वारा पुरता अडवला तर मागच्या वाऱ्याला पुढे सरकायला जागाच राहत नाही. आपली पाइपची पाती आणि प्रिंटरची मोटर, दोन्ही मिळून पाचवा हिस्सा निघाला तरी पुष्कळ.

मामा : म्हणजे 3 मीटरच्या वाऱ्यात साडेतीन वॅट. ती टिकटिक सुटून चक्की फिरली तर! आणि 6 मीटरच्या वाऱ्यात तीस वॅट म्हणशील, पण तेवढे ही मोटर देणार नाही. तिची तार किती बारीक आहे बघ.

भाची : नाही देणार. पावसाळ्यात रात्रंदिवस सरासरी 10 वॅट मिळाले तरी मी खूश आहे.

मामा : महिन्याला सात युनिट. तेही आषाढात. मार्गशीर्षात वारा पडला की एकही नाही. अगं, चाळीस वॅटचं सोलर पॅनल आण, पत्र्यावर ठेव. फिरणारं काही नाही, वाजणारं काही नाही, तुटून कुणाच्या डोक्यात पडणारं काही नाही. वर्षातले आठ महिने ते तुझ्या चक्कीपेक्षा जास्त देईल. लोक यूट्यूबवर बघतात, चक्की पत्र्यावर बसवतात, दोन महिन्यांत बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि मग ती तशीच गंजत राहते. अशा चक्क्या मी पाहिल्यात.

भाची : आठ महिन्यांचं मान्य. राहिलेल्या चार महिन्यांचं बोला की. जुलैत इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पॅनल असतं, ऊन नसतं. तेव्हाच झाडं लाइनीवर पडतात, तेव्हाच वीज जाते, आणि तेव्हाच वारा असतो. आपल्या डोक्यावरच्या पठारावर, वनकुसवड्याला, चाळकेवाडीला एवढ्या मोठ्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या काय म्हणून? त्यांचं वर्षाचं बहुतेक उत्पादन पावसाळ्यातच होतं.

मामा : त्या पठारावर आहेत. आपण खाली आहोत.

इथे मामा थोडे थांबले, कारण पावसाळ्यातली लाइन हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. भाचीनं तो मुद्दाम काढला नव्हता, पण तो लागायचा तिथे लागला.

मामा : लाइन जाते ते खरं. पण ती जोडायला माणूस जातो, हेही खरं. धो धो पावसात खांबावर चढलोय मी.

भाची : ते मला माहीत आहे मामा. मामी रात्रभर जागी असायची. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही येईपर्यंतच्या तीन दिवसांत माणसांकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं. मोबाइल बंद पडला की दवाखान्यात फोनसुद्धा करता येत नाही. दहा वॅटला तुम्ही सात युनिट म्हणता. मी त्याला रोज रात्री दोन दिवे आणि पंधरा-वीस मोबाइल म्हणते.

भाचीचा हिशेब मला जास्त पटतो. वीज युनिटनं मोजली की छोटी चक्की हास्यास्पद ठरते. अंधारातल्या पहिल्या दहा वॅटची आणि भरल्या घरातल्या शेवटच्या दहा वॅटची किंमत मात्र मीटरवर एकच दिसते, आणि तिथे मीटर अपुरा पडतो. मामांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांचा आक्षेप दुसरीकडे होता, आणि तो पुढे निघाला.

मामा : मोटर प्रिंटरचीच का? सीलिंग फॅनची का नाही? घरोघरी पडलेले असतात.

भाची : मुलंही आधी तोच आणतात. पण साध्या फॅनमध्ये चुंबकच नसतो. बाहेरून वीज दिली की त्यात चुंबकत्व तयार होतं. तो नुसता हातानं फिरवला तर मीटर हलत नाही. नव्या बीएलडीसी फॅनमध्ये कायमचे चुंबक असतात, तो चालेल. गाडीचा अल्टरनेटर नको, त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या लागतात. स्टेपर मोटरीच्या रोटरवर पन्नास दात असतात, एका फेरीत ती दोनशे पावलं टाकते. म्हणून ती सावकाश फिरली तरी व्होल्ट चढतात. चांगली मोटर दोनशेच्या आसपास फेऱ्यांत बारा व्होल्ट ओलांडते, मध्ये गिअर लागत नाही, पट्टा लागत नाही. वारा कमी असलेल्या माणसाला हीच मोटर हवी.

मामा : आणि डायोड?

भाची : साधे लावले तर ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, 1.4 व्होल्ट तिथेच जातात. बारा व्होल्टातले 1.4 म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये शॉटकी डायोड असतात, त्यात निम्मंच जातं. पण ते बहुधा 45 व्होल्टचे असतात. बॅटरीची वायर सुटली तर मोटर त्याच्या वर जाते आणि डायोड उडतात.

मामा : आता बोललीस बरोबर. वायर सुटली तर!

पुढची दहा मिनिटं मामाच बोलत होते. भंगारातून बनवण्याच्या उत्साहात जी गोष्ट हमखास राहून जाते, ती त्यांनी सांगितली.

मामा : सोलरचा कंट्रोलर काय करतो? बॅटरी भरली की पॅनल तोडतो. पॅनलला काही होत नाही, ते उन्हात पडून राहतं. तोच कंट्रोलर चक्कीला लावलास तर बॅटरी भरल्यावर तो मोटरीवरचं ओझं काढून घेईल. ओझं गेलं की पाती मोकळी. पावसाळी झोत सेकंदाला 15 मीटरचा सहज येतो. मोकळ्या पात्याचं टोक त्यात ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जाईल. पीव्हीसीचं पातं, त्याला दोन बोल्ट, आणि खाली शाळेचं पटांगण. मला सांग आता.

भाची : म्हणून ओझं कधीच काढायचं नाही. बॅटरी भरली की जास्तीची वीज मोटारीच्या हेडलाइटच्या 55 वॅटच्या बल्बमध्ये वळवायची. बल्ब तापेल, चक्की आवरलेली राहील.

मामा : आणि तो बल्ब गेला तर?

भाची : खांबाच्या पायाशी स्विच. दाबला की दोन्ही कॉइली शॉर्ट. आत्ता तुमच्या हातात शाफ्ट अडला, तसाच अडेल.

मामा : बोटानं फिरवताना अडला. वादळात तुझी मोटर तेवढा जोर धरेल का? बारीक तारेची कॉइल तापून जळेल, मग ना ओझं, ना ब्रेक. स्विच पाहिजेच, पण त्याच्यावर भिस्त नको. वादळाचा अंदाज आला की खांबच आडवा करता आला पाहिजे.

इथे भाची गप्प बसली आणि वहीत लिहू लागली. मुलांसमोर चालवायच्या यंत्राला एवढी धास्ती घेणारा माणूस गटात असावाच. नुसती हौस असलेल्यांच्या हातून पाती उडतात, आणि पातं एकदा उडालं की त्या गावात पुन्हा कुणी चक्कीचं नाव काढत नाही.

पुढे गाडी मलावीवर गेली. विल्यम काम्क्वाम्बाची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. 2001-02 च्या दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटलेल्या या मुलानं गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकातलं पवनचक्कीचं चित्र पाहिलं. ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा डायनॅमो, वितळवून सपाट केलेल्या प्लॅस्टिक पाइपची पाती आणि निलगिरीच्या ओंडक्यांचा मनोरा, एवढ्यावर त्यानं घरात वीज आणली. भाची मुलांना त्याच्या गोष्टीवरचाच सिनेमा दाखवते.

मामा : सिनेमात पवनचक्की पंप चालवते आणि पीक वाचतं. खरं तसं झालं का?

भाची : पहिल्या चक्कीवर दिवे आणि रेडिओ चालले, मग शेजारीपाजारी मोबाइल चार्ज करायला यायला लागले. पाण्याचं नंतर झालं.

मामा : तेच म्हणतोय मी. मुलांना पंप दाखवलास तर ती दहा वॅटवर पंपाची स्वप्नं बघतील आणि हिरमुसतील.

भाची : नाही हिरमुसत. मी त्यांना मनोऱ्याकडे बघायला लावते. त्यानं डायनॅमो छपरावर नाही चढवला मामा. आधी मनोरा बांधला आणि नंतर तोही उंच केला, कारण झाडं वारा अडवत होती.

मामा : मग तू पत्र्यावर का चढवतेस?

वादाची गाठ इथे होती, आणि ती भाचीच्याच उदाहरणानं सुटायला लागली. पत्र्यावर वारा भरपूर वाटतो, पण तो फुटलेला असतो. भिंतीवर आदळून वर उसळतो, कौलावरून घसरतो, मागे भोवरा धरतो. चक्कीचं शेपूट क्षणाक्षणाला दिशा बदलतं, पाती कुठल्याच झोताला नीट सामोरी जात नाहीत, आणि थरथर मात्र सगळी घराच्या तुळयांत उतरते. जाणकारांचा ठोकताळा असा की शे-दीडशे मीटरच्या आत जे काही उंच असेल, घर, आंबा, फणस, त्याच्यापेक्षा चक्की निदान 9 मीटर वर हवी. शाळेभोवती आंबे आहेत. म्हणजे तिथला खांब 15-20 मीटरचा होतो. तेवढा पाइप, स्टे वायर, टर्नबकल, काँक्रीट यांचं बिल मोटरीच्या कितीतरी पट. मोटर, डायोड, चुंबक, बल्ब हे सगळं भंगारवाल्याकडे मिळतं. खांब मिळत नाही, आणि वारा तर नाहीच नाही. भंगारातून बनवणाऱ्यांनी सगळा जीव मोटरीवर लावावा आणि खांबासाठी पत्रा शोधावा, हे मला कधीच पटलेलं नाही. स्वस्त होतं ते त्यांनी आणखी स्वस्त केलं आणि महाग होतं ते टाळलं.

मग आणखी एका चक्कीवाल्याचा विषय निघाला. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाचं भूशिर आहे. तिथे रस्ता पोचलेला नाही, विजेच्या ताराही नाहीत. ह्यू पिगट हा माणूस सत्तरच्या दशकात तिथे राहायला गेला आणि भंगारातून चक्क्या करू लागला. त्याच्या जुन्या आराखड्यात मालमोटारीचे ब्रेक ड्रम होते. पुढे त्यानं चुंबक नवे घेतले, पण मोटारीच्या चाकाचा हब आणि बेअरिंग जुनंच ठेवलं, कारण ते गाडीचं वजन पेलायला केलेलं असतं. त्याचं शेपूटही असं की वारा फार झाला की चक्की आपणहून बाजूला वळते. जगभरात त्याच्या आराखड्यावर चक्क्या झाल्या. मामांनी हे लक्ष देऊन ऐकलं.

मामा : हा माणूस कामाचा आहे. कुठलं भंगार ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, ते त्याला कळतं.

भाची : म्हणजे तुमचा भंगाराला विरोध नाही.

मामा : माझा पत्र्याला विरोध आहे. आणि खाली शाळेत वीज असताना तिथे चक्की उभी करण्याला विरोध आहे. ती वर ने. सड्यावर.

भाची : सड्यावर? शाळेपर्यंत वीज आणायची कशी? बारा व्होल्ट तारेतच संपतील. अडीच एमएमची वायर धरली तरी दीडशे मीटरला जाऊन-येऊन दोन ओहमच्या वर होतात. एक अँपिअरला दोन व्होल्ट गेले. सडा तर त्याहून कितीतरी लांब.

मामा : खाली आणायचीच कशाला? वर धनगरवाडा आहे. त्या वाडीची लाइन ह्या भागात सगळ्यात आधी पडते आणि सगळ्यात शेवटी जोडली जाते. मीच जोडायचो, मला माहीत आहे. तिथे झाड नाही, घरं बुटकी, जुलैत माणूस उभा राहू शकत नाही एवढा वारा. वीस फुटी एकच पाइप पुरे. बॅटरी खांबाच्या पायाशी पेटीत. ज्याला मोबाइल लावायचा तो तिथे येईल.

भाचीनं यावर लगेच मान डोलावली नाही, आणि मला ते बरं वाटलं. तिचा बेत मुलांसाठी होता. चक्की शाळेच्या पटांगणातून दिसावी, तास संपला की मुलांनी जाऊन व्होल्ट मोजावेत, असं तिनं मनाशी धरलेलं होतं. सड्यावर गेलेली चक्की तिच्या हातातून जाणार होती.

भाची : आणि बिघडली तर? मी रोज सडा चढणार नाही. तुमचे गुडघे तर मुळीच नाही.

मामा : वाडीतली मुलं आहेत का तुझ्या वर्गात?

भाची : दोघं आहेत. एकाचा हात सोल्डरिंगला चांगला बसलाय.

मामा : मग झालं. पाती त्यालाच कापू दे. सहा पाती कर, तीन लावायची, तीन वाडीत ठेवायची. एक तुटलं तर तिन्ही बदलायची, वजनं जुळलेली असतात.

भाची : पण आधी वारा मोजायचा. तुम्ही म्हणता म्हणून सड्यावर वारा आहे, हेही दार वाजल्यासारखंच झालं.

मामा : मोज की. कशानं मोजणार?

भाची : प्लॅस्टिकच्या तीन वाट्या, पीसीच्या जुन्या पंख्यातला हॉल सेन्सर, आणि फेऱ्या मोजायला सायकलचा मीटर. वारा पडलेल्या पहाटे मोटारसायकलवर मागे बसून वाट्या धरायच्या आणि स्पीडोमीटरशी आकडा जुळवायचा. मग महिनाभर सड्यावर ठेवायचं.

मामा : महिना थांबायला तयार आहेस?

भाची : तुम्ही खांबाचं बघणार असाल तर.

मामा : बघतो. पण लाइनीपासून खांबाच्या उंचीच्या दीडपट लांब. पडला तरी तारेला लागता कामा नये. पायाशी बिजागरी, दोन माणसांत आडवा झाला पाहिजे, आणि ते वेल्डिंग माझ्यासमोर होईल. स्टे चार. तीन चालतात असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. तीनातला एक सुटला की खांब गेला, चारात निदान पळायला वेळ मिळतो. अर्थिंग मी स्वतः करेन, सड्यावर वीज पडते. आणि झोत चालू असताना खांबाखाली कुणी उभं राहायचं नाही, मास्तरीणसुद्धा नाही.

भाची : लिहून घेतलं. मोटरीवर छत्री लागेल ना? पाऊस आडवा येतो तिथे.

मामा : पाण्याच्या बाटलीचं नको काही. दुधाची जुनी किटली बघ, ॲल्युमिनियमची. खालून भोक ठेव, पाणी आत गेलं तर बाहेर पडायला वाट पाहिजे. आणि वायर वरून खाली आणताना मध्ये सैल वेढा सोड. चक्की वाऱ्याबरोबर गोल फिरते, वायरीला पीळ बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी खालचा प्लग काढून पीळ उलगडायचा. हे त्या पोराला आधी शिकव, सोल्डरिंग नंतर.